रेडिओच्या पोटातली ठिगळे

मांजरसुंबा हे रस्त्यांचे गाव. बीडकडून येणारा धुळे-सोलापूर महामार्ग घाट चढून इथे पोचतो, पाटोद्याकडची वाट इथेच त्याला मिळते आणि केज-अंबाजोगाईचा रस्ता इथूनच फुटतो. अशा गावात रेडिओ तयार होत नव्हते, येत होते. मर्फीचा कारखाना ठाण्याला, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला. त्यामुळे जुन्या रेडिओचा इतिहास लिहायला बसलेला माणूस सहसा कारखान्यापासून सुरुवात करतो आणि मॉडेल, साल, लाकडी पेटीचा घाट एवढ्यावर थांबतो. जुने संच पुन्हा बोलते करणारे हौशी लोकही तीच वाट धरतात. संच कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा करायचा, हे त्यांचे ध्येय. बीडसारख्या जिल्ह्यात हे ध्येय चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. कारखान्यात रेडिओ एकदाच बनतो, आणि इकडे तो पुढची वीस-तीस वर्षे दुरुस्त होत राहिला. त्याचा इथला इतिहास त्या दुरुस्त्यांमध्ये आहे.

आधी इथला माणूस काय ऐकत होता ते पाहू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी आवाज हैदराबादच्या डेक्कन रेडिओचा होता. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाटोद्याच्या पलीकडे लागणारा नगर जिल्हा त्यात होता, बीड नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यातच होते, आणि प्रयोग मुंबई राज्याचा होता. परभणीचे केंद्र सुरू झाले तेच १९६८ मध्ये. म्हणजे मधली बरीच वर्षे इथला श्रोता लांबचे ऐकत होता. त्यात १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे गेले, आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटली आणि लोक लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले. विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये. लांबचे केंद्र पकडायचे तर घराबाहेर तांब्याच्या जाळीची एरियल ताणावी लागे, अर्थिंगची तार जमिनीत पुरावी लागे आणि काटा केसभर सरकवत बसावे लागे. डायलची दोरी तुटणे आणि बँड स्विच खरखरणे हे आजार अशा ऐकण्याच्या सवयीतूनही येतात.

दुसरी गोष्ट विजेची. परळीचे औष्णिक केंद्र १९७१ साली सुरू झाले, पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तारा पोचायला साठ आणि सत्तर ही दोन्ही दशके लागली. तोवर खेड्यातला वॉल्व्हचा रेडिओ कोरड्या बॅटरीवर चाले. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ हे चार वॉल्व्ह, त्यांच्या फिलामेंटला जेमतेम दीड व्होल्ट आणि प्लेटला ९० व्होल्ट. हे ९० व्होल्ट चुकून फिलामेंटला लागले की चारही वॉल्व्ह क्षणात जातात. आजही असा संच हाती घेणाऱ्याने पहिली भीती हीच बाळगावी. त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून काम भागते. वीज आल्यावर मात्र पुष्कळांनी अशा संचाला एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी विजेवर चालवणारा जोड, बसवला. बॅटरीच्या रिकाम्या कप्प्यात स्क्रूने बसवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर दिसला, तर त्या घरात वीज कधीतरी नंतर आली, आणि तेव्हाही जुना रेडिओ टाकून न देता चालवला गेला, हे त्यावरून कळते. मूळ रूपाच्या नादात तो ट्रान्सफॉर्मर काढून फेकला की हे दोन्ही पुरावे गेले.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येईल, आणि तो खरा आहे. जुने मेणकागदी कंडेन्सर गळतात. आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर गळू लागला तर ईएल ८४ सारख्या त्या वॉल्व्हमधून नको इतका प्रवाह वाहतो, वॉल्व्ह लाल होतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. एसी-डीसी संचात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. चेसिस थेट विजेच्या तारेशी जोडलेली, त्यामुळे पिन उलटी बसली तर उघड्या स्क्रूलाही झटका. मेकॅनिकांच्या कित्येक दुरुस्त्याही निर्दोष नव्हत्या. ईझेड ८० हा रेक्टिफायर वॉल्व्ह गेला आणि मिळेना, म्हणून बीवाय १२७ चे दोन डायोड लावायचे, ही सर्वत्र चाललेली युक्ती. डायोडमध्ये वॉल्व्हपेक्षा कमी व्होल्टेज खर्ची पडते, म्हणून पुढे जास्त व्होल्टेज जाते, आणि ते बटण दाबताच पूर्ण मिळते. बाकीचे वॉल्व्ह तापेपर्यंत फिल्टर कंडेन्सरवर ताण पडत राहतो. म्हणून धोकादायक भाग बदलावेच लागतात. पण बदलणे आणि पुसून टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डायोड तिथेच ठेवून मालिकेत योग्य रोधक बसवला तर व्होल्टेज आवाक्यात राहते, आणि एकेकाळी इथे वॉल्व्ह मिळत नव्हता ही गोष्टही संचात टिकते. एकदम मिळणाऱ्या व्होल्टेजचा ताण यानेही उरतोच, तेव्हा फिल्टर कंडेन्सर जास्त व्होल्टेजचा घ्यावा.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. ही दुरुस्ती म्हणजे निव्वळ जुगाड, तिने आवाज बिघडला, मग ती जपायची कशाला? आवाज पुष्कळदा बिघडला हे मान्य. कारखान्यातला स्पीकर जाऊन भलत्याच ओहमचा लावला की आवाज चपटा होणारच. पण मुंबईच्या दिवाणखान्यात झाकून ठेवलेला संच आणि घाटमाथ्यावरच्या गावात धूळ, कमीजास्त व्होल्टेज आणि मिळेल त्या सुट्या भागांवर चाललेला संच यांचा इतिहास एक नाही. दोघांनाही एकाच मूळ रूपात आणले की दुसऱ्याचा इतिहास पहिल्याच्या नावावर जातो. आवाजच हवा असेल तर नवा अॅम्प्लिफायर स्वस्त पडतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दुरुस्तीवर तारीख नसते, मग तो पुरावा कसला? तारीख नसते, क्रम मात्र असतो. सिलिकॉन डायोड वॉल्व्हच्या आधीचा असू शकत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा वॉल्व्ह बसलेला दिसला तर ती दुरुस्ती बंगळुरूत वॉल्व्ह बनू लागल्यानंतरचीच. ट्रान्झिस्टर संचात एएफ ११७ ची एक तार कापलेली आढळते; त्या ट्रान्झिस्टरच्या डब्यात आत कथलाचे बारीक केस वाढून तारा डब्याशी जुळतात, आणि डब्याला जोडलेली तार कापली की तो कधीकधी पुन्हा चालू लागतो. एवढी एक कापलेली तारसुद्धा सांगते की कुणीतरी नेमका दोष ओळखला होता.

त्यामुळे काम करताना सोल्डरचे डाग काढण्याआधी आतला फोटो घ्यावा, कुठल्या दोन टोकांत काय होते ते लिहून घ्यावे, आणि काढलेले कंडेन्सर, जळालेला रोधक, जुनी दोरी हे सगळे कागदी पाकिटात घालून पेटीच्या आत, उष्णतेपासून लांब चिकटवून ठेवावे. पाकिटावर संच कुठल्या गावातून आला आणि कोणता भाग कुठून निघाला, एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे.