महापुराचा साक्षीदार

इतिहास शिकवताना मी मुलांना एक गोष्ट नेहमी बजावतो : साक्षीदार सापडला म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे, त्याची उलटतपासणी व्हावी लागते. याचे उत्तम उदाहरण मला बखरीत मिळाले नाही. मिळाले ते एका दगडात.

कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या एनिंगेन गावच्या खाणीत एक सांगाडा सापडला. झुरिचचे विद्वान वैद्य योहान शॉइखत्सर यांनी १७२६ साली जाहीर केले, की हा बायबलातल्या महापुरात बुडून मेलेला पापी माणूस. त्यांनी त्याला नावही दिले : 'महापुराचा साक्षीदार मानव'.

पुढे हा दगड हॉलंडातील हार्लेमच्या टेलर संग्रहालयात आला. १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए तेथे गेला आणि त्याने दगड हलकेच कोरला. आत दडलेले पुढचे पाय उघडे पडले. माणूस कसला? तो होता प्रचंड सॅलॅमँडर! बांधा पालीचा, कूळ बेडकाच्या जवळचे, असा हा प्राणी. शास्त्रज्ञांनी पुढे त्या वंशाला 'आंड्रिआस', म्हणजे मनुष्याची प्रतिमा, हेच नाव दिले. जुन्या चुकीची ती आठवण!

या वंशाचे जिवंत वारस जपान आणि चीनमधल्या थंड पहाडी ओढ्यांत राहतात. चीनमधला जवळजवळ सहा फूट वाढतो. १८७१ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि सारा चीन देश एकाच जातीचा, असे सर्वांनी मानले. दिसायला सगळे सारखेच, मग वेगळे कशाला मोजायचे?

एकाने मात्र मोजले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एडवर्ड बूलेंजर यांनी १९२४ साली दक्षिण चीनमधल्या एका प्राण्याला निराळी जात म्हणून 'स्लिगोई' नाव दिले. इतरांनी ते मानले नाही. प्राणी मेला आणि संग्रहालयात पडून राहिला. खरा साक्षीदार होता तो. पण त्याची साक्ष कोणी घेतली नाही.

ती घेतली गेली २०१९ साली. जुन्या नमुन्यांतला डीएनए तपासला, तेव्हा बूलेंजर बरोबर ठरले. डोंगरांनी नद्या विभागल्या आणि हे भाऊबंद वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. २०२२ आणि २०२३ साली चीनमधून आणखी दोन जातींना नावे मिळाली.

वाचकहो, हा पंडितांचा नुसता नावांचा वाद असता, तर मी दिवाळीच्या फराळात तुम्हांला त्रास दिला नसता. पण चीनमध्ये हा प्राणी खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. 'जात एकच' या समजुतीने पाळीव पिल्ले कुठल्याही नदीत सोडली गेली. हेतू चांगला, पण कुळे सरमिसळ झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९७ ठिकाणी शोध घेतला. प्राणी आढळले फक्त ४ ठिकाणी, आणि तेही पाळीव असावेत, अशी शंका आली.

२०२४ साली मात्र वार्ता आली, की जपानमध्ये दोन जिवंत 'स्लिगोई' सापडले! चिनी सॅलॅमँडर म्हणूनच ते तिथे होते. डीएनए तपासल्यावर ओळख पटली. बूलेंजरची साक्ष शंभर वर्षांनी जिवंत माणसांपुढे उभी राहिली.

वर्गात आता कोणी मूल म्हणते, 'गुरुजी, दोन्ही सारखेच की!' तर मी त्याला तो दगड आठवून सांगतो, 'बाळ, जरा कोरून बघ.'