सेतुबंधन
सेतुबंधन : दादासाहेब फाळके यांचा रामायणावर आधारित मूकपट (1932); कथेच्या दृष्टीने त्यांच्याच ‘लंकादहन’चा (1917) पुढचा भाग.

‘लंकादहन’मधला उड्डाण करणारा मारुती, पेटलेली लंका पाहायला गर्दी लोटली. पुढच्या कथेतली वानरसेना, समुद्र, सेतू म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतींत रमणाऱ्या फाळक्यांना आयतेच कुरण.

पण 1931 मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि मूकपटांचा बाजारच उठला. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. कल्पकता आटली नव्हती, वेळ चुकली.

फाळक्यांचा हा अखेरचा मूकपट. मुळातच बोलपट म्हणून त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट ‘गंगावतरण’ (1937), कोल्हापूर सिनेटोनसाठी.