मोरारजींच्या खात्यावरील एक जमा

देशाचे सर्वाधिक भले कोणत्या पंतप्रधानाने केले, हा वाद आपल्याकडे कधीच शिळा होत नाही. नेहरूंचे नाव घेतले की कोणी १९६२ काढतो. इंदिरा गांधींचे घेतले की १९७१ आणि १९७५ एकमेकांवर आदळतात. शास्त्रीजींविषयी सारेच आदराने बोलतात, कारण त्यांना जेमतेम १९ महिने मिळाले आणि अपेक्षाभंगाला अवसरच राहिला नाही. अलीकडे नरसिंह रावांचे पारडे जड झाले आहे. वाजपेयी आणि मनमोहनसिंग ह्यांचेही पक्षपाती थोडे नाहीत. ह्या यादीत मोरारजी देसाईंचे नाव सहसा निघत नाही, आणि निघालेच तर चेष्टेसाठी निघते. आम्हाला ते आज गंभीरपणे घ्यावयाचे आहे.

महाराष्ट्रात हे लिहिणे सोपे नाही. १९५२ ते १९५६ ह्या काळात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी होते आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला तो त्यांच्याच कारकीर्दीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. ती आठवण हुतात्मा चौकात दगडात कोरलेली आहे आणि ती पुसावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. त्यात भर म्हणून १९६३ चे सुवर्णनियंत्रण. १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर अर्थमंत्री मोरारजींनी बंदी घातली आणि गावोगावच्या सोनारांच्या पोटावर पाय आला. दारूबंदीचा त्यांचा हट्ट तर सर्वश्रुतच आहे. एवंच, हा मनुष्य लोकांनी प्रेम करावे अशा घडणीचा नव्हता. त्याने तशी अपेक्षाही ठेवल्याचे दिसत नाही.

परंतु पंतप्रधानाचे मोजमाप करताना आपण एक ठरावीक माप वापरतो: त्याने काय उभारले? धरणे, कारखाने, अणुस्फोट, महामार्ग. सत्तेने काय करू नये ह्याची व्यवस्था कोणी लावली, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारला तर २४ मार्च १९७७ ते २८ जुलै १९७९ ही सव्वादोन वर्षे निराळी दिसू लागतात.

२५ जून १९७५ च्या रात्री काय घडले ते नीट आठवावे. घटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदातील ‘अंतर्गत अशांतता’ ह्या दोन शब्दांच्या आधारे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद ह्यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. मोरारजींना त्याच रात्री अटक झाली; तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि सुमारे १९ महिने स्थानबद्धतेत राहिले. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत जे बोलल्या ते मराठी वाचकाला सांगायला नकोच. पुढे २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या ह. रा. खन्नांनी विरोधी मत नोंदवले आणि त्यांना सरन्यायाधीशपद गमवावे लागले.

जनता सरकारची ४४ वी घटनादुरुस्ती ह्या एकेका छिद्रावर बोट ठेवून लिहिलेली आहे. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले. म्हणजे संप, मोर्चे, विद्यार्थ्यांची आंदोलने एवढ्यावर पुन्हा आणीबाणी आणता येऊ नये. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करू नये. संसदेने दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, आणि तीही विशेष बहुमताने, मान्यता द्यावी. दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर घोषणा नामंजूर करण्याच्या ठरावासाठी बैठक बोलवावीच लागावी. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, २० व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतील हक्क, ज्यांत जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आला, आणीबाणीतही स्थगित करता येऊ नयेत. ४२ व्या दुरुस्तीने सहा वर्षांवर नेलेली लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली.

राज्यसभेत जनता पक्षाचे बहुमत नव्हते. कायदामंत्री शांतिभूषण ह्यांना काँग्रेसच्या सदस्यांची संमती मिळवत पुढे जावे लागले आणि काही तरतुदी सोडाव्या लागल्या. घटनेच्या मूलतत्त्वांना हात लावण्यापूर्वी जनमत घ्यावे ही तरतूद तिथेच गळाली.

ह्यावर आक्षेप येईल की तुरुंगातून सुटून आलेले कोणतेही सरकार हेच करते. मोरारजींचे त्यात विशेष काय? आम्हाला हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. तुरुंगातून सुटून आलेल्यांना हाती आलेले हत्यार बोथट करावेसे वाटतेच असे नाही. अनेकदा ते वापरावेसेच वाटते. ह्याच सरकारने एप्रिल १९७७ मध्ये नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे ३५६ व्या अनुच्छेदाखाली बरखास्त केली, हे कसे विसरावे? म्हणजे मोह होता, आणि एका ठिकाणी तो आवरला गेला नाही. म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी आवरला गेला, ह्याला किंमत आहे. नेहरूंनी संसदीय संकेत आपल्या वागणुकीने रुजवले आणि ती कामगिरी मोठीच, कदाचित सर्वांत मोठी. पण वागणुकीवर उभे असलेले संकेत एका रात्रीत मोडता येतात हे १९७५ ने दाखवले. ते कायद्याच्या भाषेत उतरवणे हे वेगळे काम होते.

एक गोष्ट आम्हाला नेहमी विचारात पाडते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते एस. एम. जोशी, ज्यांनी मोरारजींविरुद्ध उभा महाराष्ट्र उठवला, ते १९७७ मध्ये त्याच जनता पक्षात होते. मधु दंडवते तर मोरारजींचे रेल्वेमंत्री झाले. (दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्यामुळे.) ह्यांपैकी कोणी फ्लोरा फाउंटन विसरले होते असे मानण्यास आधार नाही. जुना हिशेब न मिटवता नवा मांडता येतो, एवढे राजकीय शहाणपण त्या पिढीपाशी होते. आमच्या आजच्या वादविवादांत ते दुर्मीळ झाले आहे. आम्ही एका नावाच्या नावे सगळी जमा लिहितो आणि दुसऱ्याच्या नावे सगळे खर्च.

मोरारजींचे सरकार जुलै १९७९ मध्ये कोसळले ते आपसांतील भांडणांनी, आणि त्यातला त्यांच्या ताठरपणाचा वाटा नाकारता येत नाही. दुरुस्तीचा बहुतांश भाग २० जून १९७९ पासून, म्हणजे सरकार पडण्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, लागू झाला. त्यानंतर ३५२ व्या अनुच्छेदाखालील आणीबाणी देशात एकदाही आलेली नाही. मात्र तिचे तिसरे कलम, ज्याने प्रतिबंधक स्थानबद्धतेची चौकशीविना मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणावयाची होती, ते लागू करण्याची अधिसूचना त्या पाच आठवड्यांत निघाली नाही; आणि नंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने ती काढलेली नाही.