भायखळ्याचं बाकडं

भोईवाड्यातल्या माणसाला इतिहासाचं अप्रूप नसतं. घरमालकाशी चाललेला दावाच तीन पिढ्यांचा असतो! त्यामुळे "भायखळा स्टेशन देखणं झालंय, बघून या" असं मुलगा म्हणाला तेव्हा मी उखडलोच. स्टेशन ही काय बघायची वस्तू आहे? तिथं फक्त गाडी पकडायची. तरी गेलो, तेही बसनं!

वास्तविक या स्टेशनाचा मान थोरल्या जावेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती याच वाटेनं. १४ डबे, ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. (पाहुण्यांत भोईवाड्याचं कुणी नसावं. आपल्याकडे पत्रिका उशिराच पोचते.) भायखळ्याची दगडी इमारत १८५७ ची. बोरीबंदरची दिमाखदार इमारत पुरी झाली १८८८ ला. म्हणजे धाकटी जाऊ मिरवतेय आणि थोरली चुलीपाशी, असा सगळा प्रकार.

२०१९ ला काम सुरू झालं. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षांचे रंगाचे थर खरवडले, तेव्हा खालून मूळचा दगड निघाला. आमच्या चाळीत रंग खरवडला तर भिंतच हातात येईल! २०२२ ला काम पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

कमानी बघताना मला आठवले ते मात्र शेजारचे तात्या. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा असा त्यांचा गिरणीचा रस्ता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. गिरणी गेली ती गेलीच. पण तात्या पास काढत राहिले. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि भायखळ्याच्या बाकड्यावर बसायचे. हळूहळू तिथं तसेच आणखी चौघे जमले. एक पेपर पाचजणांत वाचायचे, डबा वाटून खायचे, आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. काकूंना सगळं ठाऊक होतं. त्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालायच्या.

मी प्लॅटफॉर्म तिकीट काढून एका बाकड्यावर टेकलो. माझ्या तिकिटावर दोन तास बसता येत होतं. तात्यांचा पास महिन्याचा असायचा.