मानेतील अडथळा नेमका कुठे?

बोटे बधिर होतात, सदऱ्याचे बटण लागत नाही, चाल अडखळते. मूळ मात्र मानेत, मज्जारज्जूवरच्या दाबात असू शकते. १८९५ साली राँटगेन यांना सापडलेल्या क्ष-किरणांनी हाडे दिसली, रज्जू नाही. १९७३ साली लाउटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने पहिली प्रतिमा मिळवली. त्यातून पुढे आलेल्या एमआरआयमुळे रज्जू स्पष्ट दिसू लागला.

पण उतारवयात दाब दोन-तीन ठिकाणी दिसतो. शस्त्रक्रिया कुठे करायची?

इथे दुसरा धागा उपयोगी पडतो. १९४७ साली लंडनमध्ये डॉसन यांनी चेतातंतूला सौम्य विद्युत-धक्का देऊन मेंदूत पोचलेला संदेश डोक्यावरून नोंदला. १९८५ साली शेफिल्डमध्ये बार्कर व सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदाने मेंदूतून स्नायूंकडे जाणारी वाट तपासली.

नगरहून मनमाडला जाणारी एस.टी. उशिरा पोचली, तर खड्डे मोजून कारण कळेलच असे नाही. राहुरी, शिर्डी, कोपरगाव येथील वेळा पाहाव्या लागतात. तसेच रज्जूलगत क्रमाने विद्युताग्रे ठेवली, की संदेश कोणत्या मणक्यापाशी मंदावतो ते समजते.

चित्र रचना दाखवते, संदेश कार्य सांगतो. रुग्णाच्या तपासणीशी दोन्ही जुळवूनच निर्णय घ्यायचा असतो.