ई-सिगारेट पुरेनाशी झाली? मोठे यंत्र घेण्याआधी हे वाचा

सुरुवातीची छोटी ई-सिगारेट आता पुरत नाही, म्हणून जास्त शक्तीचे यंत्र घ्यावे असे वाटते का? बहुतेक वेळा कमी पडते ते यंत्र नव्हे. शरीराची निकोटिनची मागणी वाढलेली असते. मोठ्या यंत्रात द्रव जास्त तापतो. त्यामुळे निकोटिनबरोबर फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनेही जास्त प्रमाणात फुप्फुसांत जाऊ शकतात. तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या वाफेजवळ काम करत असाल, तर फुप्फुसांवर हा दुहेरी भार पडतो.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे. म्हणून पालघर-बोईसरमध्ये कोणी ‘चांगले’ यंत्र देऊ केले, तरी त्यातील द्रवात काय आहे याची खात्री नसते.

यंत्र बदलण्याऐवजी सोडण्याची तारीख ठरवा. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. तुम्हाला कोणता योग्य, हे डॉक्टरांना विचारा. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप बिघडते. घरच्यांनी तेव्हा रागावू नये, सोबत द्यावी. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर लगेच रुग्णालयात जा आणि ई-सिगारेट ओढत असल्याचे न लपवता सांगा.