अनोळखी माणसाला विचारलेले प्रश्न

आमच्या धारूरला सल्ला देणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. बैल कुठला घ्यावा, बोअर कुठे मारावा, पोराला कुठल्या साईडला घालावं, सगळं फुकट आणि न विचारता मिळतं! पण काही प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारताच येत नाहीत. सकाळी विचारलं की संध्याकाळपर्यंत किल्ल्यापासून बसस्टँडपर्यंत बातमी.

मग असे प्रश्न मराठी माणूस विचारायचा कुणाला? तर मंडळी, एक पत्ता होता. र. धों. कर्वे, मुंबई.

हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. जे प्रश्न घरात, मित्रांत, वैद्याकडेसुद्धा निघत नसत, ते लोक कधीही न भेटलेल्या माणसाला पोस्टाने पाठवायचे. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, एकट्या माणसाने चालवलेला सपोर्ट डेस्क!

आता गंमत बघा. विचारणारा दूर कुठेतरी, सुरक्षित. उत्तर देणारा मात्र स्वतःच्या नावानिशी समोर. १९३४ साली अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. तरी मासिक बंद पडलं नाही. १९५३ साली कर्वे गेले, तोपर्यंत चालू होतं.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर नाही हो. धारूर हा ऊसतोड मजुरांचा तालुका. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, एवढ्या तक्रारीवरून कॅन्सरची भीती घातली गेल्याच्या हकिकती तेव्हा बाहेर आल्या. उसाच्या फडात पाण्याची सोय नाही, संडासाची नाही, खाडा केला की पैसे कापणार. अशात शेजारची म्हणते, "मी काढली, तू पण काढून टाक." ती खोटं बोलत नाही, स्वतःचा अनुभवच सांगते. पण तिलाही खरं कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मला वाटतं, नुसता अनुभव वाटून भागत नाही. ज्याला विषय कळतो आणि जो चुकलं तर जाब द्यायला जागेवर सापडतो, असा कुणीतरी मध्ये लागतो. 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकाला तो पोस्टाच्या तिकिटात मिळत होता. फडावरच्या बाईला आज तो कुठे मिळतो? तुम्हाला माहीत असेल तर जरूर सांगा. नावानिशी.